रयतेस कायदा, साहेबास चिठ्ठी

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, कायदा कोणासाठी असतो असा प्रश्न केला तर शाळेतले पोरही "सर्वांसाठी" असे उत्तर देईल. आम्हीच त्यास तसे शिकवितो. परंतु सन २०२० च्या टाळेबंदीत ह्या महाराष्ट्रात जे घडले ते पाहिल्यावर हा धडा पोरांपुढे वाचताना आमच्यासारख्या मास्तराची जीभ अडखळते. त्या साली रयतेने कायदा पाळला आणि कायदा राखणाऱ्यांनी आपल्या मैतरांना त्यातून वाट काढून दिली. ही गोष्ट आता जुनी झाली, सोडून द्या, असे सांगणारे शहाणे पुष्कळ आहेत. आमचे म्हणणे असे की ती सोडून देण्यासारखी नाही. साथ पुन्हा येईल, हुकूम पुन्हा सुटेल, आणि त्या वेळी रयत काय करील हे ह्याच हिशेबावरून ठरणार आहे. सबब हा हिशेब एकदा चावडीवर मांडलाच पाहिजे.

प्रथम रयतेची बाजू पाहू. २३ मार्च २०२० रोजी राज्यात संचारबंदी लागली व जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी हुकूम ऐकविला आणि चार तासांत सारा देश बंद झाला. दिवस उजाडला तो गुढीपाडव्याचा. चैत्राच्या जत्रा गेल्या, आठवडे बाजार गेले, लग्नसराई गेली. कुंभाराची उन्हाळ्याची मडकी आव्याशेजारी रचून राहिली. ज्याची वर्षाची कमाई त्या दोन महिन्यांवर, त्याने घागर विकावी कोणाला? वाजंत्र्याची सनई खुंटीला, तमासगिराची पेटी कोपऱ्यात. न्हावी बांधवांना तर २८ जूनपर्यंत वस्तरा-कात्री म्यानात ठेवावी लागली; दुकान उघडण्याची परवानगी मिळाली तीही आधी फक्त केस कापण्यापुरती. शेतीच्या कामास कागदावर मोकळीक होती, परंतु बाजार समिती आज उघडी तर उद्या बंद, गाडी मिळाली तर गिऱ्हाईक नाही. कित्येकांनी उभ्या भाजीत गुरे सोडली.

आणि आषाढी? १ जुलै २०२० ची एकादशी आठवा. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांची पायवाट चुकली नाही असे लाखो वारकरी त्या वर्षी घरी राहिले. पालख्या मोजक्या माणसांनिशी एसटीतून पंढरीस गेल्या. दुष्काळाने न मोडलेली वारी रयतेने शेजाऱ्याच्या जिवासाठी आपण होऊन आवरली.

हे सर्व सोट्याच्या भयाने झाले असे जे म्हणतात, ते रयतेस ओळखत नाहीत. हजार-दोन हजार वस्तीच्या बहुतेक गावांत एकही शिपाई कायमचा नसतो. तेथे नियम पाळला तो लोकांनीच. आशाताईंनी दारोदार नोंदी केल्या, अंगणवाडीच्या बाईंनी शिधा पोचविला, शिंप्यांनी फडक्यांच्या पट्ट्या शिवून वाटल्या. मुंबई-पुण्याहून आलेली आपलीच लेकरे शाळेच्या खोलीत चौदा दिवस राहिली आणि आईने भाकरी दुरून ठेवून डोळे पुसले. ह्या पाळणुकीला आम्ही आज्ञाधारकपणा म्हणत नाही. हा रयतेचा धर्म आहे, आणि तो साहेबासाठी नव्हे, एकमेकांसाठी पाळलेला आहे.

आता दुसरी बाजू. ८ एप्रिल २०२० ही तारीख ध्यानात ठेवा. त्या दिवशी राज्याच्या गृहखात्याचे विशेष प्रधान सचिव अमिताभ गुप्ता यांनी सरकारी कागदावर एक पत्र दिले. दिवाण हौसिंग ह्या कर्ज देणाऱ्या कंपनीचे कपिल व धीरज वाधवान आणि त्यांची मंडळी आपल्या परिचयाची, घरोब्याची आहेत, कौटुंबिक अडचणीसाठी ती लोणावळ्याजवळच्या खंडाळ्याहून महाबळेश्वरास जात आहेत, त्यांस जाऊ द्यावे, असा त्याचा आशय. पाच मोटारी आणि तेवीस माणसे! त्यांपैकी हे दोघे बंधू येस बँकेच्या प्रकरणात केंद्राच्या तपासखात्यास हवे होते. मोटारी पुणे जिल्हा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरल्या व थंड हवेच्या बंगल्यापर्यंत बिनबोभाट पोचल्या. त्याच दिवसांत बाप वारला म्हणून गावी निघालेला मजूर जिल्ह्याच्या नाक्यावर हात जोडून उभा होता!

नाक्यावरच्या शिपायास आम्ही दोष देत नाही. तो आपल्याच घरचा पोरगा. मुंबईच्या सचिवाची सही समोर आल्यावर त्याने करावे तरी काय? ज्या खात्याचा हुकूम म्हणून तो उन्हात उभा, त्याच खात्याच्या वरच्या पायरीवरून ती चिठ्ठी आलेली. आपल्यात म्हण आहे, कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागावी!

गोष्ट उघडकीस आली. प्रवाशांवर गुन्हा नोंदला गेला, त्यांस पाचगणीत विलगीकरणात ठेवले व पुढे त्याच महिन्यात केंद्राच्या तपासखात्याने दोघा वाधवानांस अटक केली. पण चिठ्ठी देणाऱ्याचे काय झाले? सक्तीची रजा आणि चौकशी. थोड्याच दिवसांत साहेब कामावर परतले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात पुणे शहराचे पोलीस आयुक्त झाले. म्हणजे टाळेबंदीचा नियम ज्यांच्या सहीने वाकला, त्यांच्याच हाती पुण्यासारख्या शहरात तो नियम राबविण्याची काठी आली! ह्यात कोणाच्या मनात काय होते हे आम्ही सांगू शकत नाही व सांगतही नाही. रयतेच्या डोळ्यांस जे दिसले ते एवढेच.

तेच दिवस रयतेचे कसे गेले? मे महिन्याच्या मध्यापर्यंत ह्या राज्यात कलम १८८ खाली लाखावर गुन्हे नोंदले गेले होते आणि दंडाच्या रकमेने कोटींचा आकडा ओलांडला होता. त्यांत सक्तीची रजा मिळालेला एकही भाजीवाला आमच्या ऐकिवात नाही. त्या चिठ्ठीस बरोबर एक महिना झाला, ८ मे उजाडला, आणि औरंगाबादजवळ करमाडच्या शिवारात रेल्वेच्या रुळांवर सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांतून ते मध्य प्रदेशातील आपल्या गावी पायी निघाले होते. थकून रुळांवरच निजले. रुळांवर त्यांच्या भाकऱ्या विखुरल्या होत्या. त्यांच्या खिशात मात्र कोणा सचिवाची चिठ्ठी नव्हती. पुढे जूनमध्ये तामिळनाडूतील सातानकुलम गावी, मोबाईलचे दुकान ठरल्या वेळेनंतर उघडे ठेवल्याच्या आरोपावरून बाप-लेकास पोलिसांनी ठाण्यात नेले. काही दिवसांतच दोघेही मेले, आणि पोलिसांवर खुनाचा खटला भरावा लागला. एका बाजूस दुकानाच्या काही मिनिटांसाठी जीव, दुसऱ्या बाजूस पाच मोटारींसाठी रजा. हा तराजू कोणत्या वाण्याचा म्हणावा?

आता कायद्याच्या पोथीत काय लिहिले आहे ते पाहू. कारण पोथी आपल्याला वाचू द्यायची नाही हीच ह्या देशातील जुनी युक्ती आहे. टाळेबंदीचे हुकूम दोन कायद्यांवर उभे होते. पहिला साथरोग कायदा, सन १८९७ चा, इंग्रजांनी प्लेगात केलेला. त्याचे तिसरे कलम सांगते की हुकूम मोडील त्यास शिक्षा. लगेच चौथे कलम सांगते की ह्या कायद्याखाली शुद्ध हेतूने केलेल्या कामाबद्दल कोणावर दावा चालणार नाही. तिसरे कलम रयतेच्या पाठीवर, चौथे अंमलदाराच्या डोक्यावर छत्रीसारखे! दुसरा आपत्ती व्यवस्थापन कायदा, सन २००५ चा, म्हणजे आपल्याच राज्यातला. त्याचे ५१ वे कलम हुकूम न मानणाऱ्यास एक वर्षापर्यंत, आणि त्यामुळे जीव गेला तर दोन वर्षांपर्यंत कैद सांगते. कर्तव्य टाळणाऱ्या अधिकाऱ्यासाठीही ५६ वे कलम आहे, त्यातही एक वर्षापर्यंत कैद आहे. परंतु पुढे ५९ वे कलम वाचा: ह्या गुन्ह्याचा खटला सरकारच्या पूर्वपरवानगीवाचून भरता येत नाही. रयतेस पकडण्यास शिपाई पुरे. साहेबावर खटला भरण्यास साहेबांच्याच सरकारची मंजुरी हवी. इंग्रज गेला, पण त्याची छत्री येथेच राहिली, आणि आपल्या लोकांनी तिला नवे कापड लावले.

वाचकहो, हे आपणांस नवे वाटते काय? हजार वर्षे आपण हेच पाहिले. भटाने सोवळे सांगितले ते यजमानाला. उपास कुळंब्याने करावा आणि पारणे भटाने फेडावे. चुकले तर आपल्याला प्रायश्चित्त, त्याला मात्र शास्त्रात पळवाट. जोतीराव फुले यांनी हा डाव उघडा केला आणि 'शेतकऱ्याचा असूड' ह्या पुस्तकात सरकारी कामगारांच्या लबाडीवरही कोरडे ओढले. त्याच १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई रोग्यांची सेवा करीत होत्या. त्यांनी कोणाकडून चिठ्ठी आणली नाही. १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांनी देह ठेवला. कायदा आणि धर्म ह्यांतला फरक ज्यास समजून घ्यायचा असेल त्याने ही तारीख पाठ करावी.

परंतु एक कडू गोष्ट आपल्याच घरात सांगितली पाहिजे. आज खुर्चीवर बसलेले सगळे भट नाहीत. कित्येक खुर्च्यांवर आपल्याच जातीपातींचे, आपल्याच मतांनी चढलेले लोक आहेत. आपला माणूस खुर्चीवर बसला की आठ दिवसांत तोही सोवळे नेसतो, आणि आपण "आपलाच आहे" म्हणून डोळे मिटतो. गावातही तेच झाले. ज्यांनी वेशीवर काट्या टाकून गरिबाचे पोर अडविले, त्यांतल्या काहींच्या वाड्यात रात्री पत्त्यांचे डाव रंगले. भटशाही जातीत नसते, ती "मला नियम लागू नाही" ह्या वृत्तीत असते. ती आपल्यात शिरली तर सत्यशोधकाचे नाव घेण्याचा आपणांस अधिकार नाही.

ह्यावर काही गृहस्थ म्हणतील, "मास्तर, अधिकाऱ्यांनी रात्रंदिवस राबून साथ आवरली ते विसरता काय?" विसरत नाही. राज्यात शेकडो पोलीस ह्या रोगाने मेले; दवाखान्यातल्या परिचारिका, सफाई कामगार मेले. त्यांतले बहुतेक खालच्या पायरीवरचे, म्हणजे रयतच. त्यांच्या मरणाची ढाल वरच्या पायरीवरच्यांनी पुढे करू नये. दुसरे म्हणतील, "१८८ चे गुन्हे मागे घेण्याचे सरकारने २०२२ साली जाहीर केले, आता तक्रार कसली?" गुन्हा मागे घेता येतो. पाठीवरचा वळ, गेलेला हंगाम आणि कर्जाचे व्याज कोणत्या सरकारी ठरावाने मागे घेणार?

तिसरे म्हणतील, "मोठ्यांना कुठेही सूट असतेच." हे खोटे आहे. नॉर्वे देशात पंतप्रधान बाईंच्या वाढदिवसानिमित्त जेवणास ठरल्याहून अधिक माणसे जमली, तर एप्रिल २०२१ मध्ये तेथील पोलिसांनी त्यांस वीस हजार क्रोनरचा दंड केला. इंग्लंडात टाळेबंदीच्या काळात सरकारी वाड्यात जमाव केल्याबद्दल पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांस एप्रिल २०२२ मध्ये पोलिसांनी दंड केला व त्यांनी तो भरला. तेथले राज्यकर्ते साधुसंत होते असे नव्हे, तेही घसरलेच. परंतु तेथे पंतप्रधानास दंडाची पावती फाडणारा पोलीस निघाला. आपल्याकडे तो का निघू नये?

कोणी ह्याचा अर्थ असा काढील की साहेब पाळीत नाहीत तर आपणही पुढच्या साथीत नियम पाळू नये. तसे करणे म्हणजे साहेबावर रागावून आपल्याच घरास काडी लावणे होय. रोग चिठ्ठी वाचीत नाही. आणि तो प्रथम दाट वस्तीत, एका खोलीत सात माणसे राहतात तेथे शिरतो. नियम आपण पाळावाच. पण साहेबांकडूनही तो पाळून घ्यावा, हे आपल्या कामाचे दुसरे अर्धे आहे आणि ते आजवर आपण केले नाही.

सबब आमच्या मागण्या अशा. साथीच्या वा आपत्तीच्या काळी जी जी सूट, जो जो पास अधिकारी देईल, त्याची नावनिशीवार यादी त्याच दिवशी तहसील व ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. अधिकाऱ्याने नियम मोडल्यास त्याच्या चौकशीचा अहवाल लोकांपुढे यावा. ५९ व्या कलमाखालची मंजुरी द्यायची की नाही हे ठरावीक मुदतीत ठरावे, आणि नाकारली तर कारण लेखी द्यावे. आणि ज्या चुकीस रयतेला एक दंड, त्याच चुकीस नियम करणाऱ्यास दुप्पट असावा; कारण त्यास नियम माहीत नव्हता असे तो म्हणू शकत नाही.

हे सरकार आपण होऊन देईल अशा भ्रमात राहू नका. प्रत्येक ग्रामसभेत हा ठराव मांडा व वहीत लिहून घ्या. कोणी दंड घेतला तर पावती मागा, कोणी अडविले तर हुकूम दाखवा म्हणा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालच्या घरास तेवढेही लागत नाहीत, आणि तीस दिवसांत उत्तर देणे त्यांस भाग आहे. घरात शिकलेले पोर आहे, त्यास हा अर्ज लिहावयास बसवा. शाळेचा उपयोग ह्याहून चांगला तो काय?

रयतेचा विश्वास ही कणगी आहे. सन २०२० मध्ये तिच्यातले धान्य आपण मुठीमुठीने काढून राज्यास दिले. ती पुन्हा भरली जावी अशी ज्यांची इच्छा असेल त्यांनी आधी आपल्या घरच्या उंदरांचा बंदोबस्त करावा. तोवर साहेबाच्या प्रत्येक चिठ्ठीस रयतेचा एकच सवाल असावा: हीच चिठ्ठी आमच्या कुंभारास मिळाली असती काय?

— एक खेड्यातील मास्तर