घरचें आरोग्य : सशाचें पोट

या सदरांत आजवर आम्हीं मुलांचीं व वडीलधाऱ्या माणसांचीं दुखणीं घेतलीं. या खेपेस एका मुक्या प्राण्याचें घेत आहों, व तेंहि अनेक वाचकभगिनींच्या मागणीवरून. मुलांच्या हट्टास्तव पांढरा ससा घरांत येतो, महिना दोन महिने बरा असतो. पुढें एकदां त्याचें पोट बिघडलें कीं तें पुनः पुनः बिघडतच राहतें. कधीं लेंड्या बारीक व थोड्या पडतात, कधीं बुडाला चिकट घाण लागते, कधीं तो पोट फुगवून कोपऱ्यांत बसतो. औषध दिलें म्हणजे चार दिवस बरें, पुनः तेंच. याला कायमचा कांहीं उपाय आहे काय, असा प्रश्न आहे. उपाय आहे, आणि तो बराचसा घरच्या मंडळींच्याच हातीं आहे.

प्रथम हा प्राणी समजून घेतला पाहिजे. पाळीव ससा म्हणजे आपल्या शेतामाळांत दिसणारा ससा नव्हे. (तो निराळ्या जातीचा, त्याचें पिल्लूं पकडून घरीं ठेवणें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मना आहे.) पाळीव सशाचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडील. तेथल्या कोरड्या मुलखांतील चोथट गवतावर निर्वाह करावयाचा, म्हणून त्याच्या पोटाची रचनाहि तशीच झाली आहे. गाय गवत खाते व ससाहि गवत खातो. परंतु गाईच्या पोटांत गवत आधीं आंबतें व मग पचतें, सशाच्या पोटांत तें घोड्याप्रमाणें शेवटीं, अंधांत्र नांवाच्या मोठ्या पिशवींत आंबतें. हें काम असंख्य सूक्ष्म जंतु करितात. जाड चोथा या पिशवींत न शिरतां कोरड्या गोल लेंड्यांच्या रूपानें बाहेर पडतो, आणि जातां जातां सबंध आंतड्यास चालना देतो. चोथा कमी पडला कीं आंतडें मंदावतें, गोड व पिठूळ पदार्थ आंत कुजूं लागतात, भलते जंतु माजतात, आणि पोटांत वायु धरतो. सशाला ओकारी येत नाहीं. आंत गेलेलें मागें फिरण्यास वाटच नाहीं.

येथें एक गोष्ट सोंवळेंओंवळें पाळणाऱ्या घरांत विशेष सांगावयास हवी. ससा दोन प्रकारची विष्ठा टाकतो. एक कोरड्या लेंड्यांची. दुसरी मऊ, काळसर, चकचकीत, द्राक्षांच्या लहानशा घोंसासारखी. ही दुसरी तो भुईवर पडूं देत नाहीं. गुदाशीं तोंड लावून तेथूनच खातो. पुष्कळांस हें पाहून किळस येते व ते त्यास हांकलूं पाहतात. तसें करूं नये. या मऊ गोळ्यांत जंतूंनीं तयार केलेलीं प्रथिनें व ‘ब’ वर्गाचीं जीवनसत्त्वें असतात. तीं दुसऱ्यानें पोटांत गेल्यावांचून त्याचें पोषण पुरें होत नाहीं. गाईच्या रवंथासारखाच हा प्रकार समजावा. उलट हे गोळे जमिनीवर पडून राहूं लागले किंवा बुडास चिकटूं लागले, तर तीच दुखण्याची पहिली खूण. बहुधा खाणें जड झालेलें असतें. नाहींतर ससा इतका लठ्ठ झालेला असतो, किंवा म्हातारपणीं त्याची पाठ इतकी आंखडलेली असते, कीं तोंड तेथवर पोंचत नाहीं. अशी घाण कोमट पाण्यानें पुसून अंग पूर्ण कोरडें करावें. तिच्यावर माशा बसून अंडीं घालतात व अळ्या जिवंत कातडींत शिरतात. एका दिवसाची हयगयहि पुरे होते.

आतां खाणें जड कां होतें, तें पाहूं. एकत्र कुटुंबांत सशाला खाऊं घालणारे हात पुष्कळ. आजोबा जेवतां जेवतां पोळीचा तुकडा टाकतात, काकू केळ्याची फोड देतात, मुलें बिस्किट देतात, दुपारीं कोणी चार फुटाणे पुढें करतें. प्रत्येकानें “एवढेंसें”च दिलेलें असतें. पण दोन किलो वजनाच्या सशानें पाव पोळी खाल्ली, तर साठ किलोच्या माणसानें साडेसात पोळ्या खाल्ल्यासारखें झालें! वारंवार बिघडणाऱ्या पोटाचें मूळ पुष्कळदां याच लाडांत सांपडतें. म्हणून घरांतल्या एका माणसानें, आणि तें माणूस मोठें असावें, सशाचें खाणें आपल्या हातीं घ्यावें. इतरांनीं कौतुक डोळ्यांनीं करावें. वडिलांना हें सांगणें अवघड जातें, हें आम्ही जाणतों. त्यांच्या हातीं कोथिंबिरीची काडी द्यावी, म्हणजे त्यांचेंहि मन राहतें.

खाण्यांत मुख्य वाळलेलें गवत. तें रोज सशाच्या अंगाएवढा ढीग होईल इतकें असावें व रात्रंदिवस त्याच्यापुढें असावें. आपल्याकडील मारवेल गवत वाळवून ठेवल्यास चांगलें. बुरशीचा वास येणारें मात्र देऊं नये. हरळी, म्हणजे आपल्या दूर्वा, त्याला मानवतात. पण देवावरून उतरलेल्या, शेंदूर-कुंकू लागलेल्या दूर्वा नकोत. लसूणघास वाढत्या पिलांस ठीक, मोठ्या सशास रोजचा नको. कोथिंबीर, मुळ्याचा पाला अशी भाजी मूठभर. बाजारांत मिळणारें गोळ्यांचें खाद्य दर किलो वजनास दिवसाला २५ ग्रॅमपेक्षां अधिक नसावें. नाजूक पोटाच्या सशास त्याहून कमी. गाजर चित्रांत सशाच्या हातीं असतें, पण तें गोड आहे. आठवड्यांतून एखादी चकती पुरे. हा सर्व बदल एका दिवसांत न करितां दोनतीन आठवड्यांत हळूहळू करावा, कारण आंतल्या जंतूंसहि नव्या अन्नाची संवय व्हावी लागते. पाणी पसरट वाडग्यांत ठेवावें.

आतां सर्वांत महत्त्वाचें. पोट बिघडलें कीं लंघन, ही आपल्या घरांतली जुनी रीत. माणसास ती मानवत असेल. सशास ती मारक आहे. उपाशी सशाचें आंतडें आणखी थांबतें, आणि अंगावरची चरबी यकृतांत उतरून, विशेषतः लठ्ठ ससा, थोडक्या दिवसांत दगावतो. सशानें दहाबारा तास कांहीं खाल्लें नाहीं किंवा लेंडी टाकली नाहीं, तो पाठ कुबडी करून बसला, दांत खाऊं लागला, कान गार पडले, तर सकाळची वाट न पाहतां पशुवैद्याकडे न्यावा. ओवा-हिंगावर वेळ दवडूं नये. पशुवैद्य पोट तपासून, जरूर तर क्ष-किरणानें पाहून, आंत अडथळा नाहीं याची खात्री करितात. मग वेदनाशामक औषध, शरीरांत पाणी भरणें व पिचकारीनें पातळ गवती खाद्य भरविणें असा उपचार होतो. घरच्या माणसांसाठीं आणलेल्या जंतुनाशक गोळ्या चुकूनहि देऊं नयेत. पेनिसिलीन, अमॉक्सिसिलीन, क्लिंडामायसीन हीं तोंडावाटे दिलेलीं औषधें अंधांत्रांतल्या उपयोगी जंतूंचा संहार करून जीव घेऊं शकतात. सर्वच पशुवैद्यांस सशांची संवय नसते. तेव्हां संवय असलेला कोण, हें ससा धडधाकट असतांनाच विचारून ठेवावें.

पूर्वीं असें मानीत कीं, अंग चाटतांना पोटांत गेलेल्या केसांचा गोळा होऊन पोट बंद होतें, व त्यासाठीं अननसाचा रस पाजीत. त्या रसानें केस विरघळत नाहींत. आंतडें आधीं मंदावतें म्हणून केस सांचतात, असें आतां बहुधा दिसून येतें.

गवत भरपूर असूनहि पोट वरचेवर बिघडत असेल, तर दांत तपासून घ्यावेत. सशाचे सगळे दांत जन्मभर वाढतात. दाढांना कंगोरे आले कीं ते जीभ व गाल कापतात. मग ससा गवत टाळून मऊ तेवढें खातो, आणि दुखणें फिरून सुरू होतें. हे कंगोरे पशुवैद्यच काढूं शकतात. दिवाळींतले फटाके, नवें कुत्रें, बिऱ्हाड बदलणें यांच्या धसक्यानेंहि कित्येकांचें खाणें सुटतें.

रोज सकाळीं पिंजरा झाडतांना लेंड्यांवर नजर टाकावी. त्या मोठ्या, गोल व गवताच्या रंगाच्या असाव्यात. आठवड्यास एकदां स्वयंपाकघरांतील काट्यावर वजन करून भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत लिहून ठेवावें. मे महिन्यांत गांवीं जातांना ससा बरोबर नेणार असाल, तर त्याच्या रोजच्या गवताची एक गोणी बरोबर घ्यावी, आणि प्रवास रात्रीचा किंवा पहांटेचा करावा. दुपारचें ऊन त्यास सोसत नाहीं.