फोटो हलका होईलच, पत्ता कुणाचा?

इमेज ऑप्टिमायझेशनची सेवा विकणाऱ्या कुणाचीही साइट उघडा. डावीकडे जड फोटो, उजवीकडे तोच हलका फोटो, मधे सरकती रेघ. त्या रेघेला भुलून सेवा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. फाइल लहान करणं आता कुणाचं गुपित राहिलेलं नाही. फोटो-फाइलच्या हलक्या प्रकारांपैकी वेबपी गूगलने २०१० साली आणलं, एव्हिफ २०१९चं. २०२२मध्ये सफारीनेही एव्हिफ स्वीकारलं. आपल्याला कोणते प्रकार चालतात हे ब्राउझर फोटो मागतानाच सांगतो, सेवा त्याप्रमाणे फाइल पाठवते. क्लाउडिनरी, इमजिक्स, आपल्याकडची इमेजकिट, सगळ्यांना हे जमतं. फुकटात इमजीप्रॉक्सी आणि थंबर आहेत. सर्व्हर मात्र तुम्ही सांभाळायचा.

पारखायचं ते स्वतःच्या मालावर. येवल्याची पैठणी ऑनलाइन विकणाऱ्याचं उदाहरण घ्या. नेहमीच्या लॉसी वेबपीत उजेड-अंधाराची नोंद प्रत्येक पिक्सेलची असते, रंगाची मात्र चार पिक्सेलांत मिळून एकच. माणसाच्या चेहऱ्यात हे कळतही नाही. लाल पदरावरच्या हिरव्या मोराच्या कडा मात्र झूम केल्यावर फिसकटतात. एव्हिफला पूर्ण रंग साठवता येतो, पण सेवा तसा साठवते का, हे विचारावं लागतं. दुसरी गंमत आयफोनची. तो डिस्प्ले पी३ या रुंद रंगपट्ट्यात फोटो काढतो. सेवेने रंगांचं रूपांतर न करता नुसतं प्रोफाइल काढून टाकलं, की लाल फिका पडतो. साडी ‘रंग वेगळा’ म्हणून परत येते आणि बोलणी खातो फोटोग्राफर! म्हणून चाचणीला त्यांचा नमुना नको, आपले सगळ्यात अवघड फोटो द्या.

बिलाचं गणित धंद्यागणिक बदलतं. बातम्यांच्या साइटवर फोटो मोजके आणि बघणारे लाखो. तिथे जीबीमागे पैसे घेणारी सेवा महाग पडते. घरं विकणाऱ्या साइटवर फोटो ढीगभर, प्रत्येकाचे अनेक आकार, बघणारे थोडे. तिथे प्रत्येक रूपांतरामागची आकारणी झोंबते. त्यातही यूआरएलमध्ये कुणालाही हवी ती रुंदी टाकता येत असेल, तर एखादा उपद्रवी बॉट हजारो आकार मागून तुमचं बिल फुगवू शकतो. यूआरएलवर सही किंवा ठरलेल्या रुंदींची यादी हवीच.

आणि ज्यावर सगळ्यात कमी बोललं जातं, तो पत्ता. फोटोच्या यूआरएलमध्ये विक्रेत्याचं डोमेन आणि त्याचीच आकाराची भाषा असेल, तर काही वर्षांत ती जुन्या लेखांत, ॲपमध्ये, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या लिंकांत जाऊन बसते. मग दर वाढले तरी हलता येत नाही. मूळ फोटो आपल्या स्टोरेजमध्ये, डोमेन आपलं, आणि यूआरएल बनवणारं फंक्शन कोडमध्ये एकाच जागी, एवढं सुरुवातीलाच करून ठेवा. स्वतःचं डोमेन पुष्कळदा वरच्या प्लॅनमध्ये मिळतं; ते परवडत नसेल, तर ती सेवा तुमच्यासाठी नाही. आणि लागणारे आकार चार-पाचच असतील, तर कुठलीच सेवा घेऊ नका. अपलोड होतानाच शार्प ही फुकट लायब्ररी ते काम करून ठेवते.