उत्तर काय यायला हवं?



मे महिना आला की अमेरिकेतल्या मराठी घरांत एकच विषय असतो: एपी परीक्षा. कुणाच्या मुलाने सहा विषय घेतले, कुणाच्या मुलीने अकरा. मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेतही हाच आकडा विचारला जातो. त्या अकरांतला एक तरी विषय मुलीला मनापासून आवडला का, हे मात्र कुणी विचारत नाही. इथले हायस्कूल मुलांना खरे शिक्षण देते का? माझे उत्तर: फार थोडे. आणि जे थोडे देते, त्याचीही वाट लावण्यात आपण पालक आघाडीवर आहोत.

खऱ्या शिक्षणाची मोठी व्याख्या नको. "हे तुला कसे कळले?" असे विचारता येणे आणि आपल्याला कुणी विचारले तर प्रामाणिक उत्तर देता येणे, एवढे मला पुरे आहे. मी संशोधक आहे. उन्हाळ्यात आमच्या प्रयोगशाळेत नुकतीच हायस्कूल संपवलेली मुले काम शिकायला येतात. हुशार, कष्टाळू मुले. प्रयोग हातात दिला की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "उत्तर काय यायला हवं?" ते कुणालाच माहीत नाही, म्हणून तर प्रयोग करायचा, असे सांगितले की ती गोंधळतात. उत्तर आधी ठरलेले नाही असा प्रयोग त्यांनी चार वर्षांत केलेलाच नसतो.

आपल्याला हे ओळखीचे वाटायला हवे. बारावीच्या प्रॅक्टिकलला गुरुत्वत्वरण ९८० च्या आसपास यायलाच हवे, म्हणून उत्तरापासून उलटे गणित करत रीडिंग भरण्याची रीत आपल्या पिढीला नवी नाही. जर्नलवर सही होते, मार्क मिळतात आणि मूल एक धडा शिकते: डोळ्यांना दिसले ते चूक, पुस्तकात छापले ते खरे. ज्या शब्दप्रामाण्याशी महाराष्ट्रातले सुधारक पिढ्यान्‌पिढ्या भांडले, ते असे सायन्सच्या लॅबमधूनच पुन्हा घरात येते.

ही सवय मोठ्यांनाही सोडत नाही. मिलिकनने इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला, पण हवेच्या श्यानतेचा आकडा थोडा चुकीचा धरल्यामुळे उत्तर किंचित कमी आले. नंतरच्या संशोधकांची उत्तरे एकदम बरोबर आली नाहीत, हळूहळू वर सरकत गेली. मिलिकनपेक्षा फार वेगळा आकडा आला की लोक चूक शोधत बसत, जवळचा आला की तसाच स्वीकारत. फाइनमनने १९७४ साली कॅलटेकच्या पदवीदान समारंभात हा किस्सा सांगितला होता.

कॉलेज बोर्डाला हे कळत नाही असे नाही. २०१२-१३ मध्ये एपी जीवशास्त्रातले पाठांतर कमी करून मुलांनी स्वतः आखायच्या प्रयोगांवर भर दिला गेला. कागदावर उत्तम. पण परीक्षा मे महिन्यात, गुण १ ते ५, आणि अनेक शाळांत एपीतल्या ए ग्रेडला ४ ऐवजी ५ पॉइंट. या हिशेबात फसलेल्या प्रयोगावर आठवडाभर डोके खाजवणारी मुलगी तोट्यातच जाणार.

यावर ठरलेले उत्तर येते: "आपल्यापाशी ना जमीन होती ना ओळखी. मार्कांनीच इथवर आणले." मान्य. ज्याच्या पाठीशी कुणी नाही त्याला लेखी परीक्षेचा आधार असतो आणि तो काढून घ्यावा असे मी म्हणणार नाही. पण आपल्या मुलांच्या पाठीशी दोन पगार आहेत, विमा आहे, कॉलेजसाठी साठवलेले पैसे आहेत. एखाद्या विषयात बी ग्रेड आल्याने त्यांचे काही बुडणार नाही. चुकून शिकणे ज्यांना परवडते, त्यांनाच आपण चुकू देत नाही!

पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावाचे उदाहरण बघा. तिथल्या स्कूल बोर्डाने २००४ साली ठरवले की नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात उत्क्रांतीबद्दल शंका घेणारे आणि 'इंटेलिजंट डिझाइन'कडे बोट दाखवणारे निवेदन वाचायचे. विज्ञानशिक्षकांनी ते वाचायला नकार दिला. अकरा पालक कोर्टात गेले आणि डिसेंबर २००५ मध्ये जिंकले. त्यांचे भांडण मुलांच्या मार्कांसाठी नव्हते, वर्गात काय शिकवले जाते यासाठी होते. आपण शाळेत भांडायला जातो ते कशासाठी? ए मायनसचा ए करून घ्यायला.

स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या आपल्या मंडळींनी निदान दोन गोष्टी कराव्यात. स्कूल बोर्डाच्या बैठका सर्वांना खुल्या असतात. तिथे जाऊन विचारावे, वर्षभरात उत्तर आधी माहीत नसलेले किती प्रयोग मुले करतात? आणि घरी, मुलाला किती मिळाले हे विचारण्याआधी, त्याने कशावर शंका घेतली हे विचारावे. पहिल्या दिवशी उत्तर येणार नाही. तरी विचारत राहावे.