हात धुतले, पण कोरडे केले का?

करोनाच्या काळात साबण लावून वीस सेकंद हात धुवायचे, हे घरातल्या लहानग्यांनाही पाठ झालं. धुतलेले हात कोरडे करायचे, हा धडा मात्र राहूनच गेला. सार्वजनिक स्वच्छतागृहातून बाहेर पडणाऱ्यांकडे पाहा. कुणी हात झटकतं, कुणी पँटला पुसतं, कुणी केसांवरून फिरवतं आणि त्याच ओल्या हाताने दाराची कडी धरतं.

धुण्यातून जे जंतू उरतात, ते ओल्या हातावरून फार सहज पसरतात. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी १९९७ साली हे मोजून दाखवलं. हात आधी टॉवेलने पुसून मग गरम हवेखाली वाळवले, तेव्हा दुसऱ्याच्या त्वचेवर जाणारे जंतू ९९ टक्क्यांहून अधिक घटले.

मग हात पुसायचे कशाने? आपल्याकडे कितीतरी खानावळींत बेसिनशेजारी खिळ्याला एकच टॉवेल लटकत असतो. दुपारपर्यंत तो चिंब होतो, कडांना हळद लागते, कुबट वास सुटतो. आपल्याआधी हात पुसून गेलेल्या प्रत्येकाचं काही ना काही त्यात मुरलेलं असतं. तो आधी काढा.

मॉलमधल्या हवेच्या यंत्राला हात लावावा लागत नाही, म्हणून ते निर्धोक वाटतं. पण ते आसपासचीच हवा ओढून हातावर सोडतं, आणि झाकण न लावता फ्लश केलं की कमोडमधले सूक्ष्म तुषार त्याच हवेत मिसळतात. कनेक्टिकट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली ही हवा तीस सेकंद जंतू वाढवायच्या बशीवर सोडली, तर १८ ते ६० वसाहती उगवल्या. यंत्र बंद ठेवून बशी दोन मिनिटं उघडी ठेवली, तेव्हा जेमतेम एखादी. यंत्राला बारीक गाळणी लावल्यावर हे प्रमाण बरंच उतरलं. वेगाने झोत सोडणारी यंत्रं तर हातावरचेच थेंब चहूकडे उडवतात.

या विषयावरच्या काही अभ्यासांना कागदी नॅपकिन बनवणाऱ्यांनी पैसा पुरवला, काहींना यंत्र बनवणाऱ्यांनी. त्यामुळे प्रत्येक आकडा पारखूनच घ्यावा. तरीही जागतिक आरोग्य संघटना दवाखान्यांसाठी एकदाच वापरायचा टॉवेल सांगते आणि नळही त्यानेच बंद करायला सांगते, ते पटण्यासारखं आहे. कागदाने पुसताना घासलं जातं, आणि त्या घासण्याने उरलेले जंतूही निघतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. रुग्णालयात बेसिनजवळ साबणाइतकाच कागदी नॅपकिन आणि झाकणाची कचराकुंडी सक्तीची करा. इतरत्र यंत्र असेल तर त्याची गाळणी वेळच्या वेळी बदला. ओल्या हाताने बाहेर पडण्यापेक्षा यंत्राखाली पूर्ण वाळवलेले हात केव्हाही बरे. आणि ही सोय होईपर्यंत खिशात फक्त हातांसाठी, रोज धुतलेला वेगळा रुमाल ठेवा. ज्याने नाक पुसलं, त्याने हात पुसू नका. पेशंटला भेटायला जाताना तर मुळीच नको.