खिशातला चाकू

आमची नात यंदा चित्रकलेच्या शिक्षणासाठी इंदूरहून बडोद्यास, महाराजा सयाजीराव विद्यापीठात गेली. त्यापूर्वी महिनाभर घरात सामानाची यादी चालली होती. चादरी, डबे, औषधे, कुलूप असे एकेक वाचत सूनबाई एका शब्दापाशी थबकली. तो शब्द होता ‘घडीचा चाकू’.

“हा गं कशाला? मुलींच्या वसतिगृहात चाकू?”

“अगं आई, पेन्सिली तासायला! कोळशाची पेन्सिल शार्पनरमध्ये घातली की आतली कांडी मोडते. लांब टोक चाकूनेच काढावं लागतं. आजोबा, तुम्हीच सांगा ना हिला.”

मी लगेच काही बोललो नाही. चाकू म्हटला की सूनबाईच्या डोळ्यांपुढे हिंदी चित्रपटांतला खलनायक आणि त्याचा खटक्याने उघडणारा रामपुरी उभा राहतो. त्यात तिचा तरी काय दोष? मला मात्र माझे वडील आठवले. होळकर दरबारच्या नोकरीत कारकून होते. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले, दप्तर बदलले, परंतु त्यांच्या कोटाच्या खिशातला शिंगाच्या मुठीचा लहानसा चाकू काही बदलला नाही. बोरूला टोक काढावे, लाखेची मोहर उचलावी, दुपारी पेरूच्या फोडी कराव्यात, हीच त्या चाकूची कामे. अशा चाकूला पूर्वी ‘कलमतराश’ म्हणत, म्हणजे लेखणी तासणारा. ज्याचे नावच लेखणीवरून पडले, त्याला शस्त्र कोण म्हणेल?

तरीही सूनबाईची काळजी अगदीच अनाठायी नव्हती. माझ्या उजव्या तर्जनीवर आजही एक पांढरा वण आहे. महाविद्यालयात असताना जत्रेतून एक झगझगीत चाकू घेतला होता. मुठीवर पितळी नक्षी आणि पाते वीतभर. मांडूच्या सहलीत त्याने सीताफळाच्या झाडाची फांदी छाटावयास गेलो. पात्याचे टोक लाकडात रुतले, मी ते ढकलले आणि पाते उलटून बोटावर मिटले. तीन टाके पडले. तेव्हापासून चाकू घेताना मी नक्षीकडे पाहत नाही, सांध्याकडे पाहतो.

शेवटी वसतिगृहाचा नियम विचारून घेतला आणि सियागंजातल्या एका जुन्या हार्डवेअरच्या दुकानात नातीला घेऊन गेलो. तेथे तिला जे दाखवले, तेच वाचकांसाठी येथे मांडतो.

पहिली गोष्ट लांबीची. पेन्सिल, फळ, सुतळी, पार्सल एवढ्या कामांना सहा ते आठ सेंटिमीटर पाते पुरते. त्याहून लांब पाते खिशाला जड होते आणि पाहणाऱ्याच्या मनात नसती शंका उत्पन्न करते. धार एकाच बाजूस असावी, पाठ सरळ असावी. खंजिरासारखा दुधारी आकार घरात निरुपयोगी.

दुसरी गोष्ट सांध्याची. चाकू उघडून पाते चिमटीत धरावे आणि आडवे हलवून पाहावे. डुलले तर तो चाकू परत ठेवावा. मिटल्यावर टोक मुठीत पूर्ण बुडाले पाहिजे. किंचित वर राहिले तरी खिशात हात घालताच बोचते. सांधा स्क्रूचा असल्यास सैल झाल्यावर घरी आवळता येतो, ठोकलेल्या खिळ्याला मात्र कारागीर शोधावा लागतो.

तिसरी गोष्ट अटकणीची, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. साध्या चाकूत पाते केवळ पाठीच्या कमानीच्या जोरावर उघडे राहते. फळ कापण्यास ते पुरेसे आहे, परंतु टोक रुतवून जोर लावला की ते माझ्या बोटासारखी गत करते. नवख्या हाताला पाते उघडल्यावर अडकून राहणारा चाकूच द्यावा. फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतातला ओपिनेल हा १८९० पासूनचा शेतकऱ्यांचा स्वस्त चाकू याचे उत्तम उदाहरण आहे. लाकडी मूठ, एक पाते, आणि १९५५ साली त्याला जोडलेले फिरते कडे. कडे फिरवले की पाते जागचे हलत नाही. आपल्याकडे तो तितका स्वस्त मिळत नाही, पण त्याच तत्त्वावरचे किंवा आतल्या पोलादी पट्टीने पाते अडवणारे साधे चाकू बाजारात असतात. अटकण लावून, पात्याची पाठ लाकडी फळीवर हलकेच दाबून पाहावी. हे करताना बोटे धारेच्या वाटेत ठेवू नयेत.

चौथी गोष्ट पोलादाची. साध्या पोलादाला धार लवकर आणि सुरेख लागते, पण लिंबू-आंब्याच्या रसाने ते काळे पडते आणि पावसाळ्यात गंजते. १९१३ साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने क्रोमियम मिसळून न गंजणारे पोलाद बनवले आणि सुऱ्या-चाकूंचा प्रश्न पुष्कळसा सुटला. गोवा-बेळगावच्या दमट हवेत राहणाऱ्यांनी ‘स्टेनलेस’च घ्यावे. लाकडी मूठ त्या हवेत फुगते आणि पाते उघडेनासे होते, हेही लक्षात ठेवावे.

आता कायद्याचे दोन शब्द. २०१६ च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरकाम व शेतीसाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने खटक्याच्या चाकूंवर याहून कडक निर्बंध घातले, त्यात ७.६२ सेंटिमीटर लांबीचे पातेही येते. तेव्हा खटक्याच्या वाटेस जाऊच नये. विमानात चाकू हातातल्या पिशवीत चालत नाही, तो मोठ्या सामानात टाकावा. हे विसरून कित्येकांनी वडिलोपार्जित चाकू तपासनीसाच्या पेटीत सोडले आहेत.

नातीने शेवटी निवडला तो दुकानातला सर्वांत साधा होता. काळी मूठ, सात सेंटिमीटर पाते, आत अटकणीची पट्टी. घरी आल्यावर आठ दिवस रोज संध्याकाळी तिला निसण्यावर बसवले. पाते दगडाशी साधारण वीस अंशांत धरावे, दोन्ही बाजूंस सारखेच हात द्यावेत, आणि पिकलेला टोमॅटो दाब न देता चिरला की थांबावे. बोथट चाकू निर्धोक, हा मोठा गैरसमज आहे. बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ते घसरते. सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब सोडावा व पाते पुसून घ्यावे. दुसऱ्याला चाकू द्यावयाचा तो मिटून. उघडा कधीच हातात देऊ नये.

हे सारे सूनबाई स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. जाण्याच्या आदल्या रात्री चाकू यादीतल्या इतर सामानासह तिनेच पेटीत ठेवला, आणि वर कापसाची एक गुंडाळी व चिकटपट्टीही.

परवा नातीचा फोन आला. वर्गातल्या चौघीजणी तिच्याच चाकूने पेन्सिली तासतात, बोट मात्र अजून कोणाचे कापलेले नाही. सूनबाईने हे ऐकले आणि मला हळूच विचारले, “बाबा, तसाच एक आणखी मिळेल का हो? पार्सलांच्या दोऱ्या सोडवता सोडवता माझी नखं तुटतात.”