चुलीवरचं कोहळं आणि आमचा एअर फ्रायर

मागच्या शनिवारी घरी चार मित्र जेवायला होते. बेत साधाच... भात, वरण, कोशिंबीर आणि एअर फ्रायरमध्ये भाजलेलं मसाल्याचं कोहळं. पुण्याच्या मंडळींसाठी आधी एक खुलासा: आम्ही चंद्रपूरकडचे लोक ज्याला कोहळं म्हणतो तो तुमचा लाल भोपळा. तुमचा कोहळा, म्हणजे ज्याचा पेठा होतो तो पांढरा, वेगळा. या एका शब्दापायी पुण्यात आल्यावर पहिल्या वर्षी मी मंडईतून दोनदा भलतीच वस्तू उचलून आणली होती.

तर कोहळं संपलं. ताटलीच्या तळाशी राहिलेला मसालासुद्धा बोटाने पुसून खाल्ला गेला. आणि मग हात धुता धुता एकाने ते वाक्य टाकलंच. "मस्त झालंय रे, पण चुलीवरची मजा नाही यात."

हे वाक्य मी आजवर किमान पन्नास वेळा ऐकलं असेल. म्हणणारा माणूस दर वेळी वेगळा, पण त्याचा नमुना एकच. घरी आजीच्या काळापासून गॅस. चूल पाहिली ती हायवेवर, 'चुलीवरचं' अशी मोठी पाटी लावलेल्या ढाब्यावर, गाडी एसीत ठेवून उतरल्यावर. धूर डोळ्यांत गेला की फोटो काढून लांब जाऊन बसायचं. आणि घरी येऊन इतरांच्या भाज्यांना नावं ठेवायची!

शनिवारी पाहुणा होता म्हणून गप्प बसलो. आज रविवार आहे, घरात कोणी नाही, म्हणून बोलून घेतो. माझं म्हणणं थोडक्यात असं: ज्याने कधी सरपणाची मोळी डोक्यावर घेतली नाही, त्याने चुलीच्या चवीचे पोवाडे गाऊ नयेत. आणि ज्या जिल्ह्यात अख्ख्या महाराष्ट्रासाठी वीज तयार होते तिथल्या बायका अजून लाकडावर रांधतात, याची आपल्याला लाज वाटायला हवी.

आधी यंत्राबद्दल. एअर फ्रायरची बाजू घेतो म्हणजे त्याच्या जाहिरातीची बाजू घेतो असं नाही. २०१० साली फिलिप्सने बर्लिनच्या प्रदर्शनात हा प्रकार बाजारात आणला आणि तेव्हापासून 'तेलाशिवाय तळा' असं सांगून तो विकला जातोय. यात तळणं वगैरे काही होत नाही हो. वर तापणारी तार, तिच्या डोक्यावर जोरात फिरणारा पंखा आणि खाली जाळीची टोपली. छोटी भट्टी आहे ती, बस्स. आमच्याकडची कोहळ्याची बोंडं (कोहळं, गूळ आणि कणीक) यात करून पाहिली. पातळ पीठ जाळीतून खाली टपकलं आणि दोन दिवस यंत्र घासत बसलो. बोंडं कढईतच करावीत.

पण भाजायचं म्हणाल तर कोहळ्यासाठी याच्यासारखी सोय नाही. कोहळ्यात दहातले नऊ भाग पाणीच. कढईत गर्दी करून टाकलं की ते स्वतःच्याच पाण्यात शिजतं आणि त्याचा लगदा होतो. फोडीवरचं पाणी आधी उडून जायला हवं, मग पृष्ठभाग १४०-१५० अंशांवर चढतो आणि तिथून पुढे तो खमंग तांबूसपणा येतो. पंखा नेमकं हेच काम करतो, पाणी पळवण्याचं.

माझी रीत सांगतो. अर्धा किलो कोहळं, साल ठेवून, बोटभर जाड फोडी. दोन चमचे जवसाचं नाहीतर शेंगदाण्याचं तेल, हळद, लाल तिखट, धने-जिऱ्याची पूड, मीठ. सगळं हाताने चोळायचं आणि एकावर एक न चढवता टोपलीत लावायचं. १९० अंशांवर दहा मिनिटं, मग उलटून आणखी आठ-दहा. गूळ शेवटी, बाहेर काढल्यावर. आधी घातलात तर करपून कडू होतो. आणि मेथीदाण्याची फोडणी गॅसवर वेगळी करून वरून ओतायची. यंत्रात मेथीदाणे टाकलेत तर पंखा ते भिरकावून देतो. (अनुभव आहे.)

आता ती सुप्रसिद्ध चुलीची चव. मी लहानपणी सुट्ट्यांमध्ये चुलीवरचं कोहळं भरपूर खाल्लंय, आमच्या गावी, नागभीड आणि सिंदेवाहीच्या मधल्या पट्ट्यात. चव होतीच, नाही म्हणत नाही. पण ती कशाची होती? कोहळं सांदवाडीतलं, कवेलूंवर चढलेल्या वेलाचं, वेलावरच पुरतं पिकलेलं. तोडल्यावर महिना-दोन महिने घरात ठेवलेलं. अशा ठेवलेल्या कोहळ्यातल्या पिठुळपणाची हळूहळू साखर होते, म्हणून ते गोड लागतं. मसाला त्याच दिवशी कुटलेला. कढई लोखंडाची. आणि आम्ही पोट्टे सकाळपासून उन्हात हिंडून भुकेने कासावीस झालेले. यातली एकही गोष्ट चुलीची नाही. राहता राहिला धूर. अंगारात भाजलेल्या वांग्यात तो उतरतो, कबूल. पण झाकण ठेवून शिजवलेल्या भाजीत धूर जाणार तरी किती? तो जातो रांधणारीच्या छातीत.

आमची मोठी आई, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, पासष्टची आहे. चार-पाच वर्षांपूर्वी खोकला थांबेना म्हणून तिला दाखवायला नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "बिडी किती वर्षं ओढता?" ती बिचारी लाजून माझ्याकडेच बघायला लागली. आयुष्यात बिडीला हात लावला नाही तिने. पन्नास वर्षं चूल फुंकली, बस्स. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या धुराने जगभर सुमारे ३२ लाख माणसं गेली. हा आकडा मी आधीही कुठेतरी वाचलेला होता. पण तो वाचणं वेगळं आणि दवाखान्याच्या बाकावर मोठ्या आईशेजारी बसून तिची धाप ऐकणं वेगळं.

आणि धुराच्या आधी लाकूड येतं. चंद्रपूर-गडचिरोलीत जंगल म्हणजे सहलीची जागा नाही. गडचिरोली जिल्ह्याचा तर दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगलाखाली आहे. लोक त्यातच राहतात, त्यावरच जगतात... मोहफूल, तेंदूपान, बांबू, सरपण. आणि वाघही तिथेच राहतो. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. तेंदूपानाला जाणं पोटासाठी असतं, त्याला दुसरा मार्ग शोधायला वेळ लागेल. पण सरपणाला जाणं? त्याला पर्याय आज माझ्या ओट्यावर ठेवलेला आहे, आणि आम्ही त्यावर चवीच्या गप्पा मारतोय.

यावर कोणी म्हणेल, अहो, उज्ज्वला योजना २०१६ पासून आहे, ताडोबाच्या बफरमधल्या गावांनाही गॅस देण्याची योजना आहे. आहे ना. मोठ्या आईच्या घरीही सिलिंडर आहे. कोपऱ्यात, वर फडकं टाकून. पाहुणे आले की चहापुरता. भरलेल्या सिलिंडरचे पैसे एकरकमी मोजावे लागतात आणि लाकडाला फक्त जीव मोजावा लागतो. ज्याच्या घरात रोख पैसा धान विकल्यावरच येतो, तो काय करणार?

म्हणून मागच्या दिवाळीत मी शहाणपणा केला. एअर फ्रायर गाडीत टाकून गावी नेला! मोठ्या आईच्या अंगणात सगळं घर गोळा झालं. सांदवाडीतलंच कोहळं, तिचाच मसाला. संध्याकाळची वेळ, व्होल्टेज पडलेलं, पंखा आजारी माणसासारखा कण्हत होता. वीस मिनिटांचं काम पस्तीस मिनिटांवर गेलं. पण झालं. मोठ्या आईने एक फोड तोंडात टाकली, चावली, आणि म्हणाली, "चांगलं हाये." मी खूश! मग म्हणाली, "बाबू, पण याच्यात आमचा सहा जनाचा भात होते का? अन आंघोळीचं पानी कायच्यावर तापवू? अन बिल किती येते याचं?"

झालं. माझ्या प्रात्यक्षिकाचा निकाल तीन प्रश्नांत लागला. एकालाही माझ्याकडे धड उत्तर नव्हतं.

रात्री खाटेवर पडून हिशोब मांडला (सवय जात नाही). फ्रायर १५०० वॉटचा, २० मिनिटं, म्हणजे फार तर अर्धं युनिट. ही झाली एक भाजी. आंघोळीचं पाणी: सहा माणसं, माणशी १५ लिटर, २० अंशांनी तापवायचं, म्हणजे साधारण दोन युनिट. भात-वरण-चहा इंडक्शनवर धरला तर आणखी दीड. दिवसाला चार युनिट, महिन्याला १२०. आणि आपल्याकडे घरगुती विजेचा दर १०० युनिटांच्या पुढे जवळपास दुप्पट होतो. म्हणजे दिवे-पंखे सोडाच, नुसता स्वयंपाक आणि आंघोळ विजेवर नेली तरी ती महागाच्या टप्प्यात ढकलली जाते. मोठी आई बिल विचारते ते उगाच नाही.

आता ही वीज येते कुठून तेही पाहा. चंद्रपूरच्या ऊर्जानगरचं महाऔष्णिक वीजकेंद्र आज २९२० मेगावॉटचं आहे. कोळशाच्या एका युनिटामागे आपल्याकडे ढोबळमानाने सातशे ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे माझ्या पुण्यातल्या अर्धा किलो कोहळ्यासाठी तिकडे फार तर साडेतीनशे ग्रॅम. "मग धूर झालाच की!" असं म्हणाल. झालाच. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अतिप्रदूषित औद्योगिक भागांची यादी काढली तेव्हा त्यात चंद्रपूर होतं. पण मला नेमकं हेच म्हणायचंय. चिमणीचा धूर आणि राख त्यांच्याकडे, वाघ त्यांच्याकडे, खाणी त्यांच्याकडे. वीज मात्र तारांवरून इकडे येते आणि आमचा पंखा जोरात फिरतो, त्यांचा कण्हतो. चिमणीच्या धुराला निदान गाळणी बसवता येते, त्यासाठी सरकारशी भांडता येतं. स्वयंपाकघरातल्या धुरासाठी मोठी आई कोणाशी भांडणार?

तेव्हा 'एअर फ्रायर घ्या आणि जंगल वाचवा' असलं काही मी म्हणत नाहीये. घरटी एक फ्रायर वाटूनही काही होणार नाही, सहा जणांचा भात त्यात मावत नाही हे मोठ्या आईने दाखवून दिलंय. माझी मागणी साधी आहे. स्वयंपाकाच्या विजेला वेगळा, स्वस्त दर हवा, आणि त्याची सुरुवात ज्या जिल्ह्यांत ही वीज बनते, जिथे सरपणासाठी वाघाच्या वाटेवरून जावं लागतं, तिथून व्हावी. संध्याकाळी सहा ते नऊ व्होल्टेज पूर्ण मिळावं. मग इंडक्शन घ्यायचं की भाताचा कुकर, पाण्याला हीटर लावायचा की सौर बंब, हे तिथल्या बायका ठरवतील. त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

आणि ज्यांना चूल हवीच आहे त्यांनी ती खुशाल ठेवावी. मोठी आईही अंगणात एक ठेवेल, वांगं भाजायला, अंगार ओढून त्यावर हात शेकायला. पण ती हौसेची असावी, नाइलाजाची नसावी.

असो. शनिवारचा तो मित्र पुन्हा जेवायला येणार आहे म्हणतोय, आणि त्याला कोहळंच हवंय. चुलीवरचं करतो म्हणून सांगितलंय. सिंहगडाच्या पायथ्यापासून एक मोळी डोक्यावर घेऊन ये, एवढीच अट घातलीय. अजून उत्तर आलेलं नाही :)