विश्लेषण : घरबाजार थंड, तरी कागदावरचा भाव का उतरत नाही?

पुण्यातील एखाद्या गृहप्रकल्पात सदनिका वर्षभर विक्रीविना पडून असल्या, तरी विक्री कार्यालयातील दरपत्रक सहसा तेच राहते. बदलतात ते बाहेरचे फलक. मुद्रांक शुल्क माफ, मॉड्युलर किचन मोफत, ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही. गुढीपाडवा किंवा दसरा जवळ आला की त्यात सोन्याच्या नाण्याची भर पडते. ग्राहकाला हा विकासकाचा उदारपणा वाटतो. या उदारपणाचा हिशेब मांडून पाहायला हवा, कारण त्याची झळ पुढे शेजारच्या इमारतीत घर घेणाऱ्यालाही लागते.

विकासक दर का उतरवत नाहीत?

चौरस फुटाचा दर उघडपणे कमी केला, की आधी चढ्या दराने घर घेतलेले ग्राहक जाब विचारायला येतात. प्रकल्पाला कर्ज देणारी वित्तसंस्था अनेकदा किमान विक्रीदर ठरवून देते. तो मोडायचा तर तिची परवानगी लागते. उरलेल्या सदनिकांचे तारणमूल्यही घसरते. भेटीचे तसे नाही. ती बहुतेकदा करारनाम्यात येत नाही आणि नोंदणीकृत किंमत जशीच्या तशी राहते.

भेट घ्यावी की भाव पाडून घ्यावा?

पुण्यात बांधकाम सुरू असलेले ८० लाखांचे घर घेऊ. स्थानिक संस्था कर आणि मेट्रो अधिभार धरून मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. वस्तू व सेवा कर ५ टक्के, म्हणजे ४ लाख. नोंदणी शुल्काचे ३० हजार दोन्ही पर्यायांत सारखेच, म्हणून ते बाजूला ठेवू.

विकासकाने मुद्रांक शुल्क भरले तर खरेदीदाराचा एकूण खर्च ८४ लाख. त्याऐवजी तेवढेच ५ लाख ६० हजार किमतीतून कमी करून घेतले तर घर ७४ लाख ४० हजारांचे होते. त्यावरचे दोन्ही कर स्वतः भरूनही एकूण खर्च ८३ लाख ३३ हजारांच्या आसपास जातो. किंमत उतरली की तिच्यावरचे करही उतरतात, त्यामुळे हे ६७ हजार वाचतात. शिवाय किमतीच्या ८० टक्के कर्ज घेतल्यास ते ६४ लाखांवरून ५९ लाख ५२ हजारांवर येते. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांसाठी हा फरक महिन्याला सुमारे ३,९०० रुपयांचा आहे.

मग लोक भेटच का निवडतात? कारण बहुतेक कुटुंबांची अडचण हप्त्याइतकीच हातातल्या रोकडीची असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे मुद्रांक शुल्क सहसा कर्जाच्या हिशेबात धरले जात नाही. ते पदरचे भरावे लागते. वरच्या उदाहरणात भेट घेतली तर स्वतःचे २० लाख पुरतात, भाव उतरवून घेतला तर जवळपास २३ लाख ८० हजार लागतात. म्हणजे ज्याच्याकडे शिल्लक आहे त्याला घर स्वस्त पडते आणि ज्याच्याकडे नाही तो जास्त कर्ज डोक्यावर घेतो. ‘शुल्क माफ’चा फलक नेमका याच दुसऱ्या माणसासाठी लावलेला असतो. त्याला मूर्ख ठरवण्याचे कारण नाही. त्याच्यासाठी तो व्यवहार कदाचित एकमेव शक्य व्यवहार असतो. ‘ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही’ या योजनेपासून मात्र दूरच राहावे. तिथे कर्ज ग्राहकाच्या नावावर असते आणि विकासकाने व्याज भरणे थांबवले की बँक ग्राहकालाच गाठते. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने २०१९ मध्ये गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून परावृत्त राहण्यास सांगितले, ते उगाच नव्हे.

रेडी रेकनरचा यात काय संबंध?

मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि रेडी रेकनरचे मूल्य यांपैकी जे जास्त त्यावर लागते. त्यातच करारातील किंमत या मूल्यापेक्षा १० टक्क्यांहून अधिक कमी असेल, तर फरकाच्या रकमेवर खरेदीदाराला प्राप्तिकर भरावा लागू शकतो. विकासकालाही तीच गत. म्हणजे घासाघिशीला सरकारनेच तळ घालून दिला आहे.

हा तळ ठरवताना नोंदणीकृत व्यवहार पाहिले जातात. पाच लाखांची भेट त्यांत दिसत नाही; दिसतात ते ८० लाख. बाजार थंडावल्याची खबर सरकारी कागदाला लागतच नाही, आणि त्याच कागदावरून पुढच्या ग्राहकाचे शुल्क ठरते. १ एप्रिल २०२५ पासून राज्यात हे दर सरासरी ३.८९ टक्के वाढले. ते कधी उतरतच नाहीत असे नाही. २०२० मध्ये मुंबईत सरासरी ०.६ टक्के घट झाली होती. पण तेवढ्यासाठी करोनाची साथ यावी लागली. विकासकाने दिलेली प्रत्येक सवलत रुपयांत करारनाम्यात लिहिणे महारेराने बंधनकारक करायला हवे. त्याने ग्राहकाचे आश्वासन पक्के होईल आणि सरकारला खरा भाव कळेल. शासनाचा महसूल थोडा घटेल, म्हणूनच हे सहज होणार नाही.

तोवर ग्राहकाने काय पाहावे?

महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पातील विकल्या आणि न विकल्या गेलेल्या सदनिकांची माहिती विकासकाला भरावी लागते. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक २, म्हणजे बोलीभाषेतला ‘इंडेक्स टू’, शोधता येतो. त्यात मोबदला आणि बाजारभाव असे दोन्ही आकडे असतात. त्याच इमारतीतल्या तीन-चार व्यवहारांचे कागद हाती असले, की ‘आमचा दर ठरलेला आहे’ हे वाक्य फार टिकत नाही.

सर्वाधिक वाव असतो तो भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतीतील शिल्लक सदनिकांत. तिथे वस्तू व सेवा कर लागत नाही. विकासकावर मात्र कर्जाच्या व्याजाचा आणि देखभालीचा भार चालू असतो. बांधकाम पूर्ण झालेल्या आर्थिक वर्षानंतर दोन वर्षे उलटली, की न विकलेल्या सदनिकांच्या मानीव भाड्यावर त्याला प्राप्तिकरही भरावा लागतो. तिथे आधी मूळ दरावर बोलावे, मग मजल्यानुसार वाढणाऱ्या दरावर, आणि भेटींचा विषय शेवटी. उघड्या जागेतील पार्किंगसाठी पैसे मागितले तर ते द्यायचेच नाहीत, कारण कायद्याने ती जागा विकता येत नाही. आणि ठरलेले सगळे करारनाम्यात येईपर्यंत दहा टक्क्यांहून अधिक रक्कम देऊ नये. नोंदणीकृत कराराआधी त्याहून जास्त घेण्यास रेरा कायद्याची मनाई आहे.